लोन पास झालं, आता एजंट टक्का मागतोय

या महिन्याच्या पत्रांमध्ये बरीचशी एकाच दुखण्याची आहेत, लोन करून देणारे मध्यस्थ आणि त्यांनी मागितलेले वरचे पैसे. मी स्वतः बरीच वर्षं बँकेच्या कर्ज खात्यात काढलीत, टेबलाच्या त्या बाजूने हे सगळं बघितलंय, म्हणून यावेळी दुसरे विषय बाजूला ठेवून याच पत्रांना उत्तरं देते.

प्रश्न: ताई नमस्कार. मी धायरीला राहते. नऱ्ह्याला रिसेलचा वन बीएचके बघितला, ३२ लाखाचं होम लोन हवं होतं. फ्लॅट दाखवणाऱ्या इस्टेट एजंटनेच एक लोनवाला दिला, तो म्हणाला तुम्ही फक्त सह्या करा बाकी मी बघतो. सुरुवातीला फाइल चार्ज म्हणून १५ हजार जीपे करायला लावले. आता सँक्शन लेटर आलंय तर म्हणतो माझा दीड टक्का असतो, ४८ हजार झाले, उरलेले ३३ हजार द्या नाहीतर डिस्बर्समेंट, म्हणजे लोनचे पैसे सुटणं, होऊ देणार नाही. दीड टक्क्याचं आमच्यात कधी बोलणंच झालं नव्हतं आणि बँकेने प्रोसेसिंग फी वेगळी कापलीये. विसार पावतीची ओरिजिनल आणि सही केलेले दोन कोरे चेक त्याच्याकडे आहेत. १० दिवसात फ्लॅटमालकाला पैसे पोचवायचेत. मिस्टर म्हणतात देऊन टाकू, कटकट नको.

उत्तर: ताई, देऊन टाकू नका, निदान आज तरी नका. तो डिस्बर्समेंट थांबवणारा कोणीच नाहीये. सँक्शन तुमच्या नावावर आहे, करार तुमच्यात आणि बँकेत आहे. उलट तो बँकेचा डीएसए असेल ना, म्हणजे बँकेने नेमलेला एजंट, तर त्याचं कमिशन बँक देते आणि तेही कर्जाची रक्कम वाटल्यानंतर देते. आमच्याकडे महिन्याला एजंटांची बिलं यायची ती वाटलेल्या रकमेवरच निघायची. त्यामुळे तुमचं लोन अडलं तर त्याचंही बिल अडतं, हे त्याला पक्कं माहितीये, तुम्हाला माहिती नाही एवढ्याच जोरावर तो बोलतोय.

उद्या सकाळी तुम्ही दोघं स्वतः ब्रँचला जा, एजंटला घेऊन नाही. लोन ऑफिसरला दोन गोष्टी विचारा. हा माणूस तुमचा नेमलेला डीएसए आहे का, असेल तर त्याचा कोड काय. आणि माझं केएफएस मला द्या. केएफएस म्हणजे की फॅक्ट स्टेटमेंट. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढलं आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या सगळ्या नव्या रिटेल आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जांना हा कागद बंधनकारक झाला. व्याज, प्रोसेसिंग फी, लीगल, व्हॅल्युएशन, विमा, सगळं धरून वर्षाला खरा खर्च किती टक्के पडतो ते त्यात लिहावं लागतं, तेही तुम्हाला समजेल अशा भाषेत, म्हणजे मराठीत मागितलंत तर काही वावगं नाही. आणि यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे जो चार्ज त्या कागदावर नाही तो बँकेला पुढे तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. आता त्यात एजंटचा दीड टक्का शोधा. सापडणार नाही. तोच कागद मोबाईलवर उघडून ठेवा आणि त्याला विचारा, यात तुमची ओळ कुठली.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्रत्येक मध्यस्थाची फी बेकायदा असते असं नाही. काही लोक बँकेचे एजंट नसतात, ते तुमच्या वतीने काम करतात, प्रोजेक्ट रिपोर्ट बनवतात, कागद जमवतात, आणि आधीच लिहून घेऊन, पावती देऊन फी घेतात. तसा लेखी करार तुम्ही केला असता तर ती फी तुम्ही कबूल केलेली फी झाली असती. तुमच्या पत्रावरून तसं काही दिसत नाही. पण तो एकीकडे बँकेकडून कमिशन घेत असेल आणि तुमच्याकडूनही गुपचूप घेत असेल तर हे बँकेला कळलंच पाहिजे, कारण इंडियन बँक्स असोसिएशनची डीएसएंसाठी आचारसंहिता आहे, त्यात ग्राहकाकडून भेट किंवा लाच घ्यायला मनाई आहे. आणि एजंट बाहेरचा असला तरी त्याच्या वागण्याची जबाबदारी नेमणाऱ्या बँकेचीच, हे रिझर्व्ह बँकेच्या आउटसोर्सिंगच्या नियमांत फार पूर्वीपासून आहे. "तो आमचा माणूस नाही, तुमचं तुम्ही बघा" असं ब्रँचमध्ये कोणी म्हणालं तर हेच लेखी द्या म्हणा, बोलण्याचा सूर लगेच बदलतो.

स्टॅम्प ड्युटीच्या नावाने पैसे मागत असेल तर तेही ऐकून सोडू नका. आपल्याकडे गहाणखताची स्टॅम्प ड्युटी आणि नोटीस ऑफ इंटिमेशनचे (घर गहाण ठेवल्याची सरकारला द्यायची सूचना) पैसे सरकारी ग्रास पोर्टलवर भरले जातात, त्याचं चलन निघतं, चलनावर जीआरएन नंबर असतो. चलन दाखवा म्हणा, चलनावर जेवढे तेवढेच द्यायचे.

आता कागद आणि चेक, याची मला जास्त काळजी वाटतेय. त्याला फोन करू नका, व्हॉट्सॲपवर लिहा, म्हणजे पुरावा राहतो. साधं लिहा: "अमुक तारखेला लोन फाइलसाठी म्हणून मी तुम्हाला विसार पावतीची ओरिजिनल आणि अमुक अमुक नंबरचे सही केलेले दोन कोरे चेक दिले होते. तुमचं माझ्याकडे काही येणं निघत नाही. दोन दिवसात परत करा. १५ हजार रुपये कशाचे घेतले त्याची पावती द्या." भांडण नको, शिवी नको, धमकी तर अजिबात नको. चेक ज्या खात्याचे आहेत त्या बँकेत लगेच स्टॉप पेमेंट द्या. पण नुसतं स्टॉप पेमेंट दिलं की सुटलो असं समजू नका, थांबवलेल्या चेकवरही समोरचा कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची, कायदेशीर नोटीस काढू शकतो, म्हणून ते चेक कोरे होते आणि कुठलंही देणं नव्हतं हे आधीच लेखी गेलेलं असणं फार महत्त्वाचं आहे.

एवढ्यावर ऐकला नाही तर बँकेच्या तक्रार विभागात किंवा नोडल ऑफिसरकडे ईमेलने तक्रार, तक्रार नंबर घ्यायचाच. ३० दिवसात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्यांच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर, फी लागत नाही, वकील लागत नाही, १४४४८ वर फोन करून माहिती मिळते. पण तिथे जायला फार दिवस उलटू देऊ नका. आणि लोकपाल बँकेविरुद्धची तक्रार ऐकतो, एजंटविरुद्धची नाही, त्यामुळे तक्रारीत "बँकेने नेमलेल्या एजंटने असं केलं आणि बँकेने दखल घेतली नाही" अशीच मांडणी हवी. तो कुठल्याच बँकेचा निघाला नाही तर मग जिल्हा ग्राहक आयोग आणि पोलीस.

मिस्टरांना माझा निरोप द्या, कटकट नको म्हणून दिलेल्या ३३ हजारांनी कटकट संपेलच असं नाही, कोरे चेक तोपर्यंत त्याच्याकडेच असतात.

प्रश्न: भोसरीत माझं छोटं लेथचं वर्कशॉप आहे. मुद्रा लोन ६ लाखाचं करायचंय. एकजण म्हणतो ८ टक्के द्या, त्यातले साहेबांना द्यावे लागतात, वर उद्यम रजिस्ट्रेशनचे, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचे, ३ हजार वेगळे. सगळेच देतात म्हणतो. द्यावे का?

उत्तर: दादा, नाही. ८ टक्के म्हणजे ४८ हजार, तेवढ्यात तुमचं बरंच टूलिंग येईल. मुद्रा योजनेत एजंट नेमलेलेच नाहीत, मुद्राच्या साइटवर तसं स्पष्ट लिहिलंय. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट आहे, आधार आणि पॅन घेऊन बसलात तर घरी होते. ६ लाख म्हणजे तुम्ही ५ ते १० लाखाच्या तरुण गटात येता. मशीनचं कोटेशन, बँक स्टेटमेंट, रिटर्न आणि जागेचा भाडेकरार घेऊन जिथे तुमचं करंट खातं आहे तिथेच आधी जा, रोजचा व्यवहार त्यांना दिसत असतो. अर्ज दिला की पोच घ्या, नाकारला तर कारण लेखी मागा. आणि साहेबांच्या नावाने मागतोय हे खरं असेल तर ती लाच आहे, सरकारी बँक असेल तर बँकेचा व्हिजिलन्स विभाग आणि सीबीआय यांच्याकडे तक्रार जाते. खोटं असेल तर त्या साहेबांनाही कळू द्या की त्यांच्या नावावर कोण दुकान चालवतंय. मला तर बऱ्याचदा हेच दिसलंय, मॅनेजरला पत्ताच नसायचा.

प्रश्न: फोनवर ५ लाखाचं पर्सनल लोन मंजूर झालं म्हणाले, आधी ४,५०० फाइल चार्ज घेतला, मग जीएसटी म्हणून ८ हजार, आता विमा म्हणून १२ हजार मागतायत. लोन मिळेल ना?

उत्तर: नाही मिळणार, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतंय. हे लोनवाले नाहीतच. आता एक रुपयाही पाठवू नका, आणि "१२ हजार भरले की मागचेही परत करतो" म्हणतील त्यालाही भुलू नका. हे वाचताय तिथूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, व्यवहाराचे यूटीआर नंबर हाताशी ठेवा, कारण जितकं लवकर कळेल तितका पैसा वाटेत गोठवता येण्याचा चान्स जास्त. आधार, पॅन पाठवलं असेल तर महिन्या दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून बघा, तुमच्या नावावर दुसरं लोन निघालं नाही ना. चारही क्रेडिट कंपन्या वर्षातून एकदा रिपोर्ट फुकट देतात. खऱ्या लोन ॲपच्या मध्यस्थाचाही मेहनताना कर्ज देणाऱ्या संस्थेनेच द्यायचा असतो, कर्जदाराकडून घ्यायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या डिजिटल लेंडिंगच्या नियमांतच सांगितलंय.

प्रश्न: मी ८ महिन्यांपूर्वी एजंटला ४० हजार रोख दिले. पावती नाही. सासरी कोणाला सांगितलेलं नाही, माझेच साठवलेले होते. आता काही होऊ शकतं का?

उत्तर: होऊ शकतं ताई. ग्राहक आयोगात घटनेपासून २ वर्षांपर्यंत जाता येतं, तुमचे ८ महिनेच झालेत, आणि ५ लाखापर्यंतच्या प्रकरणात फी लागत नाही. पावती नाही म्हणजे पुरावा नाही असं नसतं. त्या दिवशी एटीएममधून किंवा खात्यातून पैसे काढल्याची नोंद बघा, "पैसे मिळाले", "उद्या येतो घ्यायला" असा एखादा मेसेज शोधा, कोणासमोर दिले ते आठवा. काहीच नसेल तर आता त्याला मेसेज करा, "४० हजार दिले होते त्याचा हिशोब हवाय". बरेचजण उत्तरात "ते तर फाइलचे होते" असं लिहून स्वतःच कबुली देतात. तोवर जुना फोन बदलू नका, चॅट डिलीट करू नका.

ग्राहक पंचायत १९७४ साली आपल्या पुण्यातच बिंदुमाधव जोशींनी सुरू केली, त्यांचे कार्यकर्ते तक्रार कशी लिहायची ते समजावून सांगतात, एकटीने जायला संकोच वाटत असेल तर आधी त्यांच्याकडे जा, किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोला. आणि घरी सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण फसवलं त्याने आहे, मान तुम्ही खाली घालायची नाही. मेसेजला उत्तर आलं की त्याचा स्क्रीनशॉट तारीख दिसेल असा काढा आणि मला परत लिहा, तक्रारीचा मसुदा आपण मिळून करू.