बाळ तर आधीच नवीन होतं ना?

सोन्या,

तुझा व्हॉइस मेसेज रात्रपाळी संपवून येताना बसमधे ऐकला आणि एकटीच हसत बसले. मामाच्या बाळाचा बाप्तिस्मा झाला, पाळकसाहेब म्हणाले की आज हे बाळ नवीन जीवनात आलं, आणि तुझा प्रश्न काय, तर "आई, ते दोनच महिन्यांचं आहे, ते आधीच नवीन होतं ना, मग नवीन काय झालं?" आणि वर दुसरा प्रश्न, मी बाळ होतो तेव्हा मला का नाही विचारलं. फोनवर मधेच रेंज जाते आणि आजीला विचारलंस तर ती म्हणणार असलं विचारू नये, म्हणून लिहूनच पाठवतेय, मोठं आहे, एका दमात नाही वाचलंस तरी चालेल.

पुढच्या वेळी एक गोष्ट नीट बघ, पाळकसाहेब प्रश्न कोणाला विचारतात. बाळाला एकही नाही. आईबापाला विचारतात, धर्मपिता-धर्ममातेला विचारतात, तुम्ही ख्रिस्ताकडे वळता का, वाईटाला नकार देता का, ह्या लेकराला विश्वासात वाढवाल का, मग सगळ्या मंडळीला विचारतात आणि सगळे हो म्हणतात, अगदी मागच्या बाकावर मोबाईल बघत बसलेले काकासुद्धा. मग पाळकसाहेब बाळाला हातात घेतात आणि पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने तीनदा पाणी लावतात. पाण्याने बाळाच्या आत काय होतं ह्यावर मोठमोठ्या लोकांनी शेकडो वर्षं वाद घातलेत. कॅथलिक लोक म्हणतात जन्मासोबत आलेलं मूळ पाप धुतलं जातं. माझं मत विचारशील तर मला आधी दिसतात ती हो म्हणणारी मोठी माणसं, कारण त्या दिवसापासून त्या लेकराला घर एक नाही राहत, अख्खी मंडळी त्याची होते. निदान व्हायला हवी.

पण "नवीन जीवन" हे शब्द पाळकसाहेबांचे स्वतःचे नाहीत हं, ते पौलाचे, म्हणजे ज्या प्रेषिताची पत्रं बायबलात आहेत त्याचे. रोमकरांस पत्र काढ, सहावा अध्याय. तिथे पौल जे म्हणतोय ते ऐकायला जरा भीतीदायकच आहे, की बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणं, पुरलं जाणं, आणि तो जसा मेलेल्यातून उठला तसं उठून नवीन जीवनात चालू लागणं. आपल्याकडे ओंजळभर पाण्यात होतं म्हणून हे डोळ्यांना दिसत नाही, पण जिथे माणसाला पूर्ण पाण्यात बुडवून बाहेर काढतात तिथे लगेच कळतं, माणूस खाली जातो, क्षणभर दिसेनासा होतो, आणि नाकातोंडातलं पाणी झटकत वर येतो. सुरुवातीच्या काळात बहुतेक मोठी माणसंच बाप्तिस्मा घ्यायची, जुनं आयुष्य सोडून आलेली, त्यांना पौलाचं बोलणं बरोब्बर लागू पडायचं. बाळाकडे सोडायला जुनं काही नसतं, म्हणजे तुझी शंका अगदी रास्त आहे. म्हणून तर काही मंडळ्या बाळाचा बाप्तिस्मा करतच नाहीत, मोठं होऊन स्वतः मागेल तेव्हाच करतात. आपलं सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, १९७० साली नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन झालं ना, त्यात दोन्ही पद्धतीचे लोक होते, मग ठरलं की दोन्ही चालेल. मला हे फार आवडतं, भांडत बसण्यापेक्षा बरं.

आता इथली गोष्ट ऐक. मी राहते त्या ऑक्सफर्डपासून बसने जाता येईल असं वाँटेज नावाचं छोटंसं गाव आहे, सुट्टीच्या दिवशी मुद्दाम गेले होते. पंडिता रमाबाई तुला शाळेत आहेत, केडगावचं त्यांचं मुक्ती मिशनही तुला माहितीये. त्या १८८३ मधे इंग्लंडला आल्या त्या डॉक्टरकी शिकायला, पण कानाला कमी ऐकू यायचं म्हणून ते जमलं नाही. वाँटेजच्या सिस्टर लोकांकडे राहिल्या, ह्या सिस्टर त्यांना पुण्यापासून माहीत होत्या, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि सोबत कोणाचा झाला माहितीये? त्यांच्या मुलीचा, मनोरमाचा, ती तेव्हा दोन-अडीच वर्षांची. म्हणजे बघ, एकाच दिवशी, एक बाई जिने संस्कृत ग्रंथ पालथे घालून, पंडितांशी वाद घालून स्वतःच्या डोक्याने ठरवलं, आणि तिच्याच हाताला धरलेली एक चिमुरडी जिला कोणी काही विचारलं नाही. तुझे दोन्ही प्रश्न एकाच वेळी उभे आहेत तिथे.

आणि रमाबाईंचं पुढचं तर अजून भारी आहे. बाप्तिस्मा घेतला म्हणून त्या काही गोऱ्या मडमा झाल्या नाहीत. मांस खाल्लं नाही ते नाहीच, क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, आपली संस्कृत घाला म्हणाल्या, आणि जे पटत नव्हतं त्यावर सिस्टरना लांबलचक पत्रं लिहून सरळ नाही म्हणाल्या. पुढे कितीतरी वर्षांनी त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी माझ्या लक्षात आलं, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढ्या शिकलेल्या बाईने स्वतः विचार करून घेतलेला बाप्तिस्मा, तरी नवीन जीवन आठ वर्षं मागाहून आलं! मग दोन महिन्यांच्या बाळाला थोडा वेळ द्यायला काय हरकत आहे.

आपल्या नगरकडची गोष्टही तुला माहीत पाहिजे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मधे मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या बायकोवर, लक्ष्मीबाईंवर, आभाळच कोसळलं, नवरा जिवंत असून तुटला, त्या मुलाला घेऊन नातेवाईकांकडे राहिल्या, आणि पुढे त्यांच्याकडे नगरला आल्या तरी सोवळं सोडलं नाही, चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाईंना स्वतःला पटलं तेव्हा १९०० मधे त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्यांनी इतक्या खुसखुशीत मराठीत लिहिलंय की थोडा मोठा झालास की मीच वाचून दाखवीन तुला.

पण टिळक ब्राह्मण होते, त्यांनी पुष्कळ काही सोडलं म्हणून त्यांची गोष्ट पुस्तकात आली. आपले लोक, म्हणजे पणजोबांच्याही आधीचे, महारवाड्यातले. त्यांच्याकडे सोडायला काय होतं? गावच्या विहिरीला हात लावता येत नव्हता, घागर घेऊन लांब उभं राहायचं आणि वरच्या जातीतलं कोणी वरून ओतेल तेव्हा मिळेल ते पाणी. बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं ते १९२७ मधे, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. अशा माणसाच्या कपाळावर भर सभेत, सगळ्यांसमोर, कोणीतरी स्वतःच्या हाताने पाणी लावतं आणि त्याला नावाने हाक मारतं. मला बाप्तिस्मा म्हटलं की हे दिसतं, बाकीचं धर्मशास्त्र नंतर. गलतीकरांस पत्रातही पौल तेच म्हणतो, ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांच्यात यहुदी-हेल्लेणी नाही, दास-स्वतंत्र नाही, पुरुष-स्त्री नाही.

आता खरं सांगायचं तर जात काही पाण्याने गेली नाही. मंडळीतच महार बाजूचे, मांग बाजूचे असं चालत राहिलं, लग्नं जमवताना तर आजही हळूच विचारतात, तू मोठा झालास की कळेलच. आणि सरकारच्या कागदावर वेगळीच गंमत, १९५० च्या आदेशाने ख्रिस्ती झालेला दलित अनुसूचित जातीत धरत नाहीत. म्हणजे गावासाठी जात तीच आणि कागदावर नाही. ह्यावर आजोबांशी बोल कधीतरी, ते दोन तास बोलतील.

टिळकांनाही बहुतेक हेच खुपत असणार. शेवटी शेवटी, १९१७ मधे, ते मिशनमधून बाहेर पडले आणि साताऱ्याला "देवाचा दरबार" काढला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांसाठी, ख्रिस्ताचा शिष्य असलास की झालं. ज्या बाप्तिस्म्यासाठी एवढं सोसलं त्याचंच लोकांनी कुंपण केलेलं त्यांना चालेना. दोन वर्षांनी ते गेले आणि दरबार फार चालला नाही, पण मला ते टिळक जास्त जवळचे वाटतात.

तुला का नाही विचारलं? कारण तू तीन महिन्यांचा होतास आणि दूध सोडून कशाचंच उत्तर देत नव्हतास. तुझ्या वतीने मी आणि पप्पांनी हो म्हटलं, आणि तुला विचारायची वेळ अजून यायचीये, त्यालाच दृढीकरण म्हणतात. तेव्हा तेच प्रश्न तुला विचारतील आणि उत्तर तुझं तू द्यायचंस. आजी म्हणेल बाकीच्या पोरांसोबत ह्याच वर्षी उरकून टाक. उरकायचं नाहीये. तुला वाटलं अजून दोन वर्षं थांबावं तर थांब, पाळकसाहेबांना काय विचारायचं ते विचार, ते रागावत नाहीत, मी त्यांना लहानपणी ह्याहून वाईट विचारलंय. आजीने फार घाई केली तर मला फोन लावून दे, मी बोलते तिच्याशी.

आजी-आजोबांना सलाम सांग, मामीला म्हणावं बाळंतिणीचे लाडू स्वतःही खा, सगळे पाहुण्यांना वाटू नको.

तुझी,
आई