मानेतली गाठ काढली तर आवाज जाईल का?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझा धाकटा भाऊ शिक्षक आहे, वय ३६. दोन वर्षांपासून मानेत डावीकडे गाठ आहे, दुखत नाही. आधी सगळे टीबी म्हणाले, सुईने तपासली तर रिपोर्टमध्ये काहीच कळलं नाही, आता एमआरआयमध्ये व्हेगस नर्व्हचा श्वानोमा लिहिलंय. हा कॅन्सर आहे का? ऑपरेशनमध्ये आवाज जातो म्हणतात, खरंय? – एक बहीण, सांगली

उत्तर : ताई, श्वानोमा म्हणजे कॅन्सर नाही. नर्व्हच्या आवरणातल्या पेशींची ही साधी गाठ असते, हळूहळू वाढते आणि कॅन्सरमध्ये बदलणं फारच क्वचित होतं. आपल्याकडे मानेत गाठ दिसली की टीबी आठवतो, ते चूक नाही, पण पुरावा नसताना सहा महिने गोळ्या घेऊ नयेत. सुईत पुरेशा पेशी येत नाहीत हे या गाठीत नेहमीचंच आहे, लॅबला दोष देऊ नका.

खरी माहिती एमआरआय देतो. व्हेगस म्हणजे मेंदूतून मानेवाटे खाली छाती-पोटाकडे जाणारी नर्व्ह. तिची गाठ कॅरोटिड धमनी (डोक्याकडे रक्त नेणारी) आणि जुग्युलर शिरेच्या (डोक्याकडून रक्त परत आणणारी) मधे घुसते आणि दोघींना एकमेकींपासून लांब करते, शेजारच्या सिंपथेटिक नर्व्हची असेल तर बहुतेक वेळा दोघींना एकत्रच ढकलते. हाताने तपासताना ही गाठ आडवी हलते, वर-खाली फारशी नाही, आणि दाबल्यावर कोरडा खोकला आला तर व्हेगसचा संशय पक्का होतो. मात्र स्कॅनआधी कुणी चिरून तुकडा काढू म्हणालं तर थांबवा, कारण याच जागी कॅरोटिड बॉडी ट्यूमर, म्हणजे धमनीच्या फाट्यावरची रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठही होते आणि त्यातून भयंकर रक्त जातं.

आता आवाजाचं. व्हेगसचीच फांदी स्वरतंतू हलवते, म्हणून गाठीबरोबर नर्व्ह कापली तर त्या बाजूचा स्वरतंतू लुळा पडतो, आवाज घोगरा होतो, पाणी पिताना ठसका लागतो. म्हणून शक्य असेल तिथे आवरणावर तंतू नसलेली जागा नर्व्ह मॉनिटरने (नर्व्हचे तंतू कुठे आहेत ते दाखवणाऱ्या यंत्राने) शोधून तिथे उभा छेद घेतात आणि आतला गोळा तेवढा सोलून काढतात, बाकीचे तंतू जागेवर राहतात. तरीही काही दिवस आवाज बसू शकतो आणि काहींचा कायमचा बदलतो, हे मी लपवणार नाही. पण त्यावर स्पीच थेरपी आहे, स्वरतंतूत इंजेक्शन आहे, थायरोप्लास्टी (लुळा स्वरतंतू मधे सरकवायचं ऑपरेशन) आहे. आज आवाज ठीक वाटत असला तरी ऑपरेशनआधी दुर्बिणीने स्वरतंतू बघून घ्याच, आणि सर्जनना स्पष्ट विचारा की नर्व्ह वाचवायचा प्रयत्न करणार का, मॉनिटर आहे का.

माझं मत सांगू? गाठ छोटी असेल, वाढत नसेल, गिळायला त्रास नसेल तर घाई करू नका, वर्षाने पुन्हा एमआरआय करा. वाढत असेल तर मात्र टाळू नका, मोठ्या गाठीत नर्व्ह वाचवणं अवघड होतं. अचानक दुखायला लागली, भराभर वाढली, आवाज बदलला किंवा अंगावर कॉफीच्या रंगाचे बरेच डाग असले तर लगेच दाखवा. आणि ऑपरेशन ठरलंच, पण गाठीची तशी निकड नसेल, तर मे महिन्याच्या सुट्टीच्या सुरुवातीला घ्या, म्हणजे वर्गात उभं राहण्याआधी थेरपीला चांगले पाच-सहा आठवडे मिळतील.