‘कुणी विचारलं तर नुसतं मॅथ्स सांग’

प्रश्न: माझं शिरोली एमआयडीसीत छोटं फाउंड्री युनिट आहे. मुलगी सीबीएसईला, यंदा अकरावी कॉमर्स. दहावीला स्टँडर्ड मॅथ्समध्ये 71 होते. आम्हाला न विचारता तिनं अप्लाइड मॅथ्स घेतलं. ते कच्च्या मुलांचं गणित असतंय असं सगळे म्हणतात. पुतण्या पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला, त्याच्यापुढं हिचं काय सांगायचं? म्हणून तिला सांगितलंय, कुणी विचारलं तर नुसतं मॅथ्स सांग. रेग्युलर मॅथ्सची ट्यूशन लावलीये. हल्ली ती जेवताना बोलत नाही. डोकं आहे तसं, मशीनसाठी 6 लाखाचं लोन घेतलं, 3 वर्षं, फ्लॅट 9 टक्के, तर कागद बघून म्हणाली ‘पप्पा हे 9 नाही, सोळाच्या वर पडतंय.’ पण अभ्यासात तेवढं मन नाही. विषय बदलून घ्यावा का?

उत्तर:

दादा, तुमचा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे पण मी त्याच्या बऱ्याच आधी अडकलो. ‘कुणी विचारलं तर नुसतं मॅथ्स सांग.’ सोळा वर्षांच्या पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं डोकं वापरून एक विषय निवडला आणि घरातून तिला पहिली शिकवण काय मिळाली, तर तो लपव. मग ती जेवताना बोलत नाही याचं तुम्हाला नवल वाटतंय. बोलणार काय ती? शाळेत आज काय झालं म्हणून सांगायला गेली तर ज्या विषयाचं नाव काढायचं नाही तोच विषय येणार. त्यापेक्षा आमटी-भात खाऊन उठलेलं बरं.

न विचारता घेतलं याचा तुम्हाला राग आलाय, तो मी समजू शकतो, विचारायला पाहिजे होतं. पण विचारलं असतं तर तुम्ही काय म्हटला असता? उत्तर तुम्हालाही माहितीये आणि तिलाही माहीत होतं.

आता ‘कच्च्या मुलांचं गणित’ याबद्दल. हा गैरसमज एवढा पसरलाय की शाळेतले काही शिक्षकसुद्धा तेच बोलतात, त्यामुळं तुमचा एकट्याचा दोष नाही. सीबीएसईनं 2020-21 पासून अकरावी-बारावीला हा विषय मुख्य विषयासारखा ठेवला. विषयाचा कोड गणिताला 041, अप्लाइडला 241, दोन्ही एकत्र घेता येत नाहीत. दोन्हीची लेखी 80 मार्कांची. अप्लाइडमध्ये लिमिट आहे, डेरिव्हेटिव्ह आहे, प्रॉबॅबिलिटीत बेज थिअरम आहे, बारावीला इंटिग्रेशन आहे, मॅट्रिक्स आहे. कमी काय आहे तर ट्रिग्नॉमेट्री, थ्री-डी असलं जे इंजिनिअरिंग आणि फिजिक्सला लागतं ते. त्याच्या जागी व्याज, ॲन्युइटी, जीएसटी, कोरिलेशन, पुढच्या वर्षी ईएमआय, बाँड, नॉर्मल डिस्ट्रिब्युशन, टी-टेस्ट. हे सोपं वाटत असेल तर एकदा तिचं पुस्तक उघडून बसा, मी थांबतो. स्टेट बोर्डाच्या बारावी कॉमर्सलाही गणितात कमिशन, विमा, निर्देशांक, लिनिअर प्रोग्रॅमिंग हेच आहे, तिथं कुणी लपवायला सांगत नाही, कारण तिथं नावात ‘अप्लाइड’ नाही एवढंच.

आणि माफ करा, पण फाउंड्रीवाल्यानं हे म्हणावं? तुम्ही दिवसभर दुसरं काय करता? पॅटर्न, म्हणजे साच्याचा नमुना, करताना मीटरला साधारण 10 मिलिमीटर जास्त धरता, कारण ग्रे आयर्न, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना तेवढं आकसतं. ड्रॉइंग हातात आलं की घनफळ काढून 7.2 नं, म्हणजे त्या लोखंडाच्या घनतेनं, गुणून कास्टिंगचं वजन तोंडी सांगता, त्यावर भाव देता. आणि रिजेक्शन, म्हणजे खराब निघालेला माल, बघा. समजा एका मोल्डरचे पाच दिवसांचे टक्के 4, 4, 5, 3, 4 आणि दुसऱ्याचे 1, 9, 2, 7, 1. सरासरी दोघांची 4. रजिस्टरवर दोघं सारखे. पण तुम्ही दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन उभे राहणार, वाळू ओली होती का, मेटल गार पडलं होतं का, बघणार. का? कारण आकडे इकडेतिकडे पळतायत. त्या पळण्याला तिच्या पुस्तकात स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणतात. तुम्ही ते शाळेत न शिकता अनुभवानं शिकलात, त्यासाठी किती माल पुन्हा भट्टीत घातलात ते तुम्हीच जाणे.

आता त्या लोनकडं येतो, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही जाता जाता अर्ध्या ओळीत लिहून पुढं ‘पण’ लावलाय. मी ते गणित करून बघितलं. 6 लाख, फ्लॅट 9, म्हणजे वर्षाला 54,000, तीन वर्षांचं व्याज 1,62,000, हप्ता साधारण 21,167. पण मुद्दल तर दर महिन्याला फिटत जातं. तिसरं वर्ष सुरू होतं तेव्हा तुमच्याकडं त्यांचे जेमतेम 2 लाख 33 हजार उरलेले असतात आणि व्याज तुम्ही अजून पूर्ण 6 लाखावर भरताय. रिड्यूसिंगनं, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून, मोजलं तर दर बसतो सव्वासोळा टक्क्यांच्या आसपास. पोरगी बरोबर होती. फ्लॅट आणि रिड्यूसिंग हप्ता हा भाग बारावीला आहे बरं का, अकरावीला नाही, म्हणजे तिनं शाळेच्या आधी, तुमच्या कागदावर, स्वतःहून केलंय. आणि तुम्ही म्हणता अभ्यासात मन नाही. अभ्यासात आहे हो, ट्यूशनच्या अभ्यासात नाही.

आता बाकीचं पटपट. तिला इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, फिजिक्स यातलं काही करायचं असेल तर 241 उपयोगाचं नाही, 041 च लागतं, पण ती कॉमर्सला आहे आणि पत्रात असं कुठं दिसत नाही. सीएला बारावीचं गणित सक्तीचं नाही, फाउंडेशन या पहिल्या परीक्षेचा तिसरा पेपर मात्र बिझनेस मॅथ्स, लॉजिकल रीझनिंग आणि स्टॅटिस्टिक्सचा, 100 मार्कांचा, ऑब्जेक्टिव्ह, चुकलं की पाव मार्क कापणार, आणि त्याची निम्मी तयारी तिची या विषयात आपोआप होते. दिल्ली युनिव्हर्सिटी बी.कॉम. ऑनर्सला अप्लाइड धरते. एक ठिकाणी खरंच सावध राहायचं, स्टॅटिस्टिक्स किंवा गणितातच डिग्री करायची असेल तर काही कॉलेजं नुसतं ‘मॅथेमॅटिक्स’ मागतात, तेव्हा कॉलेज ठरवताना त्यांचं एलिजिबिलिटीचं पान तिच्यासोबत बसून वाचा. आणि रजिस्ट्रेशन झाल्यावर विषय बदलायचा म्हणजे शाळेत नुसते खेटे, हेही आहेच.

तर विषय बदलू नका. ती दुसरी ट्यूशन बंद करा, या महिन्याचे पैसे गेले तर जाऊ द्यात. एका पोरीला एका वेळी दोन गणितं, त्यातलं एक शाळेचं आणि एक बापाच्या इज्जतीचं, हे जमत नाही.

मला एवढंच कळलं नाही की तिनं सोळा टक्के म्हटल्यावर तुम्ही काय केलंत. पत्रात नाही. बहुतेक ‘बरं’ म्हणून कागद फाईलला लावला असणार. तो काढा. रविवारी तिला घेऊन ऑफिसात बसा, पुढच्या मशीनचं कोटेशन आलं असेल तर तेही ठेवा, आणि तिला विचारा की हे तू काढलंस कसं, मला दाखव. समजलं नाही तर परत विचारा, लाजू नका. मुलीपुढं ‘मला येत नाही’ म्हणायला बापाला जड जातं, माहितीये मला, मलाही दोन मुली आहेत.

आणि गणपतीला पुण्याचा पुतण्या आला की त्याला सगळ्यांसमोर विचारा, फ्लॅट 9 म्हणजे खरा दर किती रे? ...हे जरा खवचट झालं. नका विचारू त्याला, तो बिचारा काय करणार. त्याच्यासमोर हिला विचारा.