नोबेलचा विषय, आणि कॉलेजात एक्स-रे मशीन नाही

प्रश्न: मी यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल धातू-सेंद्रिय जाळ्यांना (मॉफ, म्हणजे धातूचे अणू सेंद्रिय रेणूंनी जोडून झालेले सच्छिद्र स्फटिक) मिळालं, तेव्हापासून त्यातच संशोधन करायचं मनात आहे. कॉलेजात स्फटिकाची रचना मोजायचं एक्स-रे मशीन नाही. घरचे म्हणतात, बी.एड. कर. काय करू?

उत्तर: मशीनची काळजी सध्या सोड. एक्स-रे मोजणी शुल्क भरून कोची किंवा आयआयटी मद्रासच्या सॅफ केंद्रातून (बाहेरच्यांनाही उपकरणं वापरू देणारी सरकारी सोय) करून मिळते. पण मोजण्याजोगा स्फटिक कोणी करून देत नाही. तो हात आत्ताच बसव.

सरांना विचारून झिफ-८ कर, म्हणजे झिंकचं एक सोपं मॉफ. झिंक नायट्रेट हेक्साहायड्रेट ०.३० ग्रॅम आणि २-मिथाइलइमिडाझोल ०.६६ ग्रॅम, म्हणजे १ मिलिमोलला ८, प्रत्येकी १४ मिली मिथेनॉलमध्ये वेगवेगळं विरघळव. दोन्ही एकत्र करून तासभर ढवळ. भट्टी लागत नाही. मात्र मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे. फ्यूम हुडमध्येच काम कर. द्रावण दुधाळ होईल. साध्या फिल्टर पेपरने गाळायला गेलीस तर कण आरपार जातील, इतके बारीक असतात. सेंट्रिफ्यूज लाव आणि ताज्या मिथेनॉलने दोन-तीनदा धू. पावडर एक्स-रेमध्ये (कॉपर नळी) सुमारे ७.३ अंशांवर ठळक शिखर दिसलं तर जाळी जमली.

या पावडरीतून सिंगल क्रिस्टल (रचना मोजता येईल असा एकसंध खडा) मात्र मिळणार नाही. लिगँड (जोडणारा सेंद्रिय रेणू, इथे २-मिथाइलइमिडाझोल) जास्त पडला की सगळीकडे एकदमच केंद्रकं, म्हणजे स्फटिकांची बीजं, तयार होतात आणि एकही खडा मोठा होत नाही. मोजणीला साधारण ०.१ मिमीचा, स्वच्छ, तीक्ष्ण कडांचा खडा लागतो. त्यासाठी वेग कमी करावा लागतो: द्रावणं पातळ ठेवायची, किंवा एकावर दुसऱ्याचा अलगद थर देऊन सोडायचं. टेफ्लॉनच्या बंद भांड्यात डीएमएफ हा विद्रावक वापरून भट्टीत करतात तेव्हा भांडं दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरत नाहीत आणि तासाला ५ अंशांनी थंड करतात. आपल्याकडे नेमकी रात्री वीज जाते, भट्टी एकदम उतरते आणि सकाळी भांड्यात भुकटी निघते. म्हणून तापमान, वेळ आणि लाइट गेल्याची नोंदसुद्धा वहीत हवी. आणखी एक: खडे मूळ द्रावणातच ठेव. बाहेर काढले की छिद्रांतला विद्रावक उडतो, आणि पुष्कळ मॉफचे खडे तडकून अपारदर्शक होतात.

रचना वाचायला घरबसल्या शीक. स्फटिकरचना दाखवणाऱ्या मर्क्युरी या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती लॅपटॉपवर टाक, झिफ-८ची सीआयएफ फाइल (अणूंच्या जागांची नोंद) उघड, एका झिंकभोवतीचे चार नायट्रोजन मोज. झिंक-इमिडाझोल-झिंक हा कोन १४५ अंशांच्या आसपास येतो, सिलिका खनिजांतल्या सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉनसारखाच. म्हणून तर ही जाळी सोडालाइट खनिजाची ठेवण घेते. मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

आता घरच्यांचं. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं, हे बाबांना सांग. जॅमची परीक्षा (आयआयटी वगैरेंच्या एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा) फेब्रुवारीत असते, अर्ज साधारण सप्टेंबरपासून. शेवटच्या वर्षाला बसता येतं. पुढे नेट-जेआरएफ (पीएच.डी.साठीची संशोधनवृत्ती) मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं भत्ता. नुसत्या मॉफवर चालणाऱ्या नोकऱ्या आपल्याकडे थोड्याच आहेत, हे खरं. पण पावडर एक्स-रे वाचता येणाऱ्याला औषध कंपन्यांत पॉलिमॉर्फ (एकाच औषधाची वेगवेगळी स्फटिकरूपं) तपासणीचं काम असतं, उत्प्रेरकांच्या प्रयोगशाळांतही.

एम.एस्सी.ला नागपूर, अमरावती किंवा पुणे, कुठेही जा. प्रवेशाआधी त्या विभागात दोन गोष्टी विचार: सिंगल क्रिस्टलचा डेटा कुठून घेता, आणि रचना विद्यार्थी स्वतः सोडवतात का?