मागच्या ओळीतल्या पोरीला

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. समूहगानात तुला मागे उभं केलं, एकटीने म्हणायच्या दोन ओळी दुसरीला दिल्या, म्हणून गट सोडायचा विचार करते आहेस. सोडायचा तर सोड, मी अडवणार नाही. पण आधी एक अल्बम ऐक. ‘द ओजेज’ या तिघा अमेरिकन सोल गायकांचा ‘बॅक स्टॅबर्स’, १९७२ सालचा. सोल म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांचं भावभरलं गाणं. कागद-पेन्सिल घेऊन बस.

शीर्षकगीतापासून सुरुवात कर. पियानो गडगडत येतो, मग ताल, मग व्हायोलिनं. बराच वेळ माणसाचा आवाजच नाही. आणि येतो तेव्हा आधी कोण येतं, बघ. एडी लेव्हर्टच्या खरखरीत, तापलेल्या गळ्यामुळे हा गट ओळखला जातो, पण आधी तो एकटा येत नाही. आधी सगळे मिळून येतात. तोंडावर गोड हसणारे मित्र पाठीत खंजीर खुपसायला टपलेत, असं ते बजावतात. मग लेव्हर्ट पुढे होऊन आपली भीती बोलतो. गावभर कुजबुज चालली आहे आणि एक माणूस तिच्यात सापडला आहे, हे चित्र शब्दांआधी त्या मांडणीतून उभं राहतं. मागचे आवाज काढून टाक, मग उरतो नुसता तक्रार करणारा एक माणूस.

मला हे फार उशिरा कळलं. तुझ्या वयाची असताना भजनात झील धरताना मी मुद्दाम आवाज चढवायचे, माझा वेगळा ऐकू यावा म्हणून. बुवांनी एकदा टाळ थांबवले, माझ्याकडे पाहिलं आणि अभंग पहिल्यापासून सुरू केला. बोलले काहीच नाहीत. ती नजर अजून आठवते.

दुसऱ्यांदा ऐकताना लेव्हर्टला सोड आणि वॉल्टर विल्यम्सचा माग काढ. त्याचा आवाज मऊ, कुठे टोचत नाही. हे दोघे ओहायोतल्या कँटन गावात पोरवयापासून एकत्र गायलेले. लेव्हर्ट जिथे फाटेस्तोवर ताणतो, तिथे विल्यम्स खाली सतरंजी अंथरल्यासारखा असतो. तिसऱ्यांदा विल्यम पॉवेल. हा पटकन सापडत नाही, म्हणूनच शोध. १९७७ साली तो गेला. त्याचं नाव आज क्वचितच कुणी घेतं, पण त्या तिघांचा एकत्र सूर त्याच्याशिवाय झालाच नसता.

घाई झाली आहे तुला, म्हणून हेही सांगते. १९५८ साली हे पाच शाळकरी मित्र होते. नावं दोनदा बदलली; शेवटचं क्लीव्हलँडच्या एडी ओजे या रेडिओ निवेदकावरून घेतलं. रेकॉर्ड कंपन्या बदलल्या, दोघे सोडून गेले. फिलाडेल्फियात केनी गॅम्बल आणि लिऑन हफ या गीतकार-निर्मात्यांच्या जोडीकडे हा अल्बम झाला तेव्हा चौदा वर्षं उलटली होती. सिग्मा साउंड स्टुडिओतले तिथले वादकही असेच, एकमेकांना जागा देणारे. अर्ल यंगचा ड्रम कधी गायकाच्या अंगावर येत नाही.

सगळी गाणी सारख्या ताकदीची नाहीत, मधली एक-दोन मला आजही धरून ठेवत नाहीत. पण शेवटचं ‘लव्ह ट्रेन’ चुकवू नकोस; १९७३ मध्ये अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर गेलं. इंग्लंड, रशिया, चीन, इजिप्त, इस्रायल, सगळ्यांना हात धरून एका आगगाडीत बसायचं बोलावणं. मित्रांपासून सावध राहा म्हणणारं दुसरं गाणं आणि हे दहावं, दोन्ही त्याच तिघांनी गायलेली. मला आधी हा विरोध वाटायचा. आता वाटतं, पाठीत वार होण्याची भीती ज्यांनी एका सुरात गायली, त्यांनाच असं बोलावणं शोभतं.

‘लव्ह ट्रेन’च्या धृपदात सगळ्यांत वरचा आवाज धरू नकोस, तो कुणालाही ऐकू येतो. त्याखालचा एक स्वर पकड, सरगममध्ये उतरव आणि मला पाठव. गट सोडायचा की नाही, ते त्याच पत्रात लिही.

तुझी,
बाई