मामाचं हृदय आणि बारावीनंतरचा फॉर्म

देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदारांचं पत्र आलंय. त्यांच्या मेहुण्याचं हृदय सहा वर्षांपूर्वी मुंबईत बदललं. आता त्या नव्या हृदयाच्याही धमन्या अरुंद झाल्यात. यंदा बारावीत गेलेली मुलगी म्हणते, ‘जीन वापरून हे थांबवायचं काम मी करणार.’ घरचे म्हणतात, नीट दे, डॉक्टर हो. सोबत एका खासगी कॉलेजचं ‘जीन थेरपी’ पदवीचं माहितीपत्रक. शेवटची ओळ : ‘आता करूचा काय?’

नमस्कार दादा,

आधी ते माहितीपत्रक रद्दीत टाका. पदवीचं नाव जितकं चकचकीत, तितका मला संशय जास्त.

मुलीचा प्रश्न मात्र अस्सल आहे. मामांना छातीत दुखलं कसं नाही, असं तुम्ही विचारलंय. हृदय काढताना त्याच्या नसा तुटतात, म्हणून कळ बहुतेकदा येतच नाही. अँजिओग्राफीतच उघड होतं. शरीर त्या परक्या धमन्यांच्या अस्तरावर हल्ला करत राहतं, आतल्या पेशी वाढतात आणि नळी लांबच लांब जाड होत जाते. एका जागी गाठ असती तर स्टेंट घातला असता. स्टॅटिन, एव्हरोलिमस अशी औषधं वेग कमी करतात, एवढंच.

जीनचा विचार कुठे येतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चटकन कळेल. कलमाची काडी झाडावरून कापली आणि अजून रायवळ रोपावर बसवली नाही, तेवढा वेळ ती तुमच्या हातात असते. दात्याचं हृदयही तसंच, साधारण चार तास थंड पेटीत असतं. तेव्हाच धमन्यांत जीन सोडला, तर पुढची वाढ रोखता येईल का? प्राण्यांवर हे बऱ्यापैकी जमलंय. माणसांत जवळचा मोठा प्रयोग झाला तो बायपासमध्ये पायातून काढून हृदयावर शिवतात, त्या शिरांवर : पेशींना वाढीचा हुकूम देणाऱ्या प्रथिनाला चकवणारे डीएनएचे तुकडे, शीर शिवण्याआधी तिच्यात भरले. 3,014 रुग्ण. 2005 साली निकाल आला, शिरा बुजण्यात फरक नाही! त्यामागे कितीतरी जणांची उमेदीची वर्षं गेली होती. मुलीला हे जरूर सांगा, पण घाबरवायला नको.

आता रस्ता. संशोधन करायचं तर आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्र सरकारची संस्था, उत्तम. पुण्यात आहेच. त्यांची आयएटी ही प्रवेश परीक्षा 240 गुणांची आणि त्यातले 60 गणिताचे. जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेल्या मुलांनाही बसता येतं, पण ते 60 हातचे जातात. तिनं गणित सोडलं असेल तर अकरावीचं पुस्तक आजच काढा. नाहीच लागलं, तर रत्नागिरीत साधी बीएस्सी करून पुढे चांगल्या ठिकाणी एमएस्सी, त्यात कमीपणा नाही. पीएचडीपर्यंत दहा-अकरा वर्षं धरा. एमएस्सीनंतर नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये विद्यावेतन, म्हणजे पीएचडी करताना घरावर भार नाही. फक्त बीएस्सीवर थांबली तर नोकरी बेताचीच, हे स्पष्ट सांगतो. नीटचा फॉर्म भरू दे. एमबीबीएस करूनही संशोधनाकडे येता येतं, उशिरा येतं इतकंच.

दोन्हींतलं तिचं कुठलं, हे मी पत्रावरून ओळखू शकत नाही. एक करा. कोय कलमांचा, म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर काडी बसवायचा, हंगाम आलाय. तिला पन्नास कोया द्या. पंचवीस काड्यांची पानं आठ दिवस आधी छाटायची, पंचविसांची नाही. बाकी सगळं सारखं. कुठली जगली, कुठली मेली, रोज वहीत तारखेनं लिहायचं. तुम्हाला उत्तर माहीत आहे, पण सांगू नका. निम्मी कलमं मेल्यावर ती ‘का मेली?’ म्हणून वही घेऊन मागे लागली तर आयसरकडे पाठवा. वही कोरी राहिली आणि मामांच्या गोळ्यांच्या वेळा मात्र तिला तोंडपाठ असतील, तर नीटच्या तयारीला लावा.

गणपतीपर्यंत कळेल. वहीच्या पानांचे फोटो पाठवा.