अनुदान अडकलं म्हणून संस्था माझं घर रद्द करू शकते का?

प्रश्न: मी घरकाम करते. आमच्या असंघटित कामगारांच्या गृहनिर्माण सहकारी संस्थेने पंतप्रधान आवास योजनेत (शहरी), भागीदारीतील परवडणारी घरे या घटकाखाली प्रकल्प घेतला. मला वाटपपत्र मिळालं आहे. माझ्या हिश्शाचे २ लाख ६० हजार रुपये भरले, पावत्या आहेत, करार मात्र नोंदवलेला नाही. आता संस्थेची नोटीस आली आहे: सरकारी अनुदानाचा शेवटचा हप्ता आला नाही, म्हणून प्रत्येकाने आणखी १ लाख ८० हजार ३० दिवसांत भरावे, नाहीतर वाटप आणि सभासदत्व दोन्ही रद्द. शिवाय गावी सासऱ्यांचं पक्कं घर असल्यामुळे माझं नाव असंही कापलं जाईल, असं लोक म्हणतात. काय करू?

उत्तर: ताई, नोटीस पाकिटासकट जपून ठेवा, पोस्टाचा शिक्का पुढे कामाला येईल. आणि घाबरून पैसे भरू नका, निदान हिशेब समोर येईपर्यंत तरी.

आधी तो हिशेबच बघू. या घटकात आर्थिक दुर्बल घटकाच्या प्रत्येक घरामागे केंद्र १ लाख ५० हजार देतं आणि महाराष्ट्र सरकार १ लाख. केंद्राचा पैसा ४०, ४० आणि २० टक्के अशा तीन हप्त्यांत सुटतो. म्हणजे केंद्राचा शेवटचा हप्ता घरामागे ३० हजारांचा. तो आला नाही आणि राज्याने तर एक रुपयाही दिला नाही, असं धरलं तरी खड्डा १ लाख ३० हजारांचा होतो. मागणी १ लाख ८० हजारांची आहे. उरलेले ५० हजार कशाचे, हे नोटिशीत लिहिलेलं नाही. वाढलेला बांधकाम खर्च असेल, ठेकेदाराचं देणं असेल, व्याज असेल. पण मग तसं लिहायला हवं. अनुदानाच्या नावाखाली ते खपवता येत नाही.

हे अनुदान लाभार्थीच्या हातात कधीच येत नाही. ते राज्यामार्फत प्रकल्पाकडे जातं, आणि पुढचा हप्ता मागताना आधीच्या पैशाचं विनियोग प्रमाणपत्र (म्हणजे ते ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) आणि बांधकामाची प्रगती दाखवावी लागते. हप्ता अडकतो तेव्हा दरवेळी सरकारच दोषी असतं असं नाही. पुष्कळदा कागद संस्थेकडूनच वेळेवर गेलेले नसतात. अशा संस्था घर बांधू शकत नाहीत असं माझं म्हणणं नाही. सोलापूरच्या रे नगरमध्ये विडी आणि यंत्रमाग कामगारांसारख्या कष्टकऱ्यांच्या संस्थांनी ३० हजार घरांचा प्रकल्प याच योजनेतून उभा केला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातल्या १५ हजार घरांचं लोकार्पण झालं. पण नफा कमवायचा नाही म्हणून हिशेबही द्यायचा नाही, असं कुठल्याच कायद्यात नाही.

आता मुख्य गोष्ट. पुष्कळांची समजूत असते की रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा स्थावर संपदा कायदा, फक्त बिल्डरसाठी आहे. तसं नाही. रेरा कायद्यात 'प्रवर्तक', म्हणजे प्रकल्प उभारणारा, कोण याची जी व्याख्या आहे, तिच्यात सभासदांसाठी घरं बांधणारी प्राथमिक सहकारी गृहनिर्माण संस्था स्पष्ट शब्दांत येते. वाटपपत्र हाती असल्यामुळे तुम्ही वाटपग्राही ठरता. कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि तुमच्याकडून कितीतरी जास्त घेतली आहे. खर्चामुळे करार नोंदवला नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. या योजनेतल्या दुर्बल घटकाच्या पहिल्या दस्ताला राज्यात मुद्रांक शुल्क १,००० रुपये आहे. कलम ११(५) प्रमाणे वाटप रद्द करायचं तर ते कराराच्या अटींनुसारच. इथे करारच नाही, मग कुठल्या अटीने रद्द करणार? महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, कलम ३१ खाली तक्रार करा आणि तिच्यातच कलम ३६ खाली अंतरिम मनाई, म्हणजे निकाल लागेपर्यंतची मनाई, हीही मागा. तुमचं घर दुसऱ्याला गेल्यावर धावण्यापेक्षा ते आधी थांबवलेलं बरं. घराऐवजी पैसे परत हवे असतील आणि ताबा रखडला असेल, तर कलम १८ खाली व्याजासह मागता येतात. पण माझा सल्ला घर सोडू नका असाच आहे.

सभासदत्वाचं म्हणाल तर नुसती कार्यकारी समिती ते काढून घेऊ शकत नाही. सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३५ प्रमाणे त्यासाठीच बोलावलेली सर्वसाधारण सभा लागते, तिथे तुमचं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, हजर सभासदांपैकी तीन चतुर्थांश मतं लागतात, आणि वर निबंधकाची मंजुरी. ती मिळेपर्यंत ठराव लागू होत नाही.

तुमची बाजू जिथे लंगडी पडू शकते तेही सांगतो. जादा रकमेचा ठराव रीतसर सर्वसाधारण सभेत झाला असेल आणि तुम्ही त्या सभेला हजर असाल, तर संस्था तो पुढे करणार. म्हणून इतिवृत्ताची प्रत आजच लेखी मागा. संस्था माहिती अधिकार कायद्यात येते की नाही यावर वाद घालत बसू नका. २०१३ च्या थलप्पलम निकालात सर्वोच्च न्यायालयाने सहकारी संस्थांना सरसकट त्या कायद्याखाली आणायला नकार दिला आहे. सोपा रस्ता दुसरा आहे. १० रुपयांचा अर्ज म्हाडाकडे करा, कारण राज्यात या योजनेचं काम बघणारी मुख्य (नोडल) संस्था तीच. तसाच एक महापालिकेकडे. किती हप्ते सुटले, कुठल्या तारखेला, विनियोग प्रमाणपत्र कधी आलं आणि मंजूर प्रकल्प अहवालात लाभार्थीचा हिस्सा किती, एवढंच विचारा. उत्तराला ३० दिवस लागतात, नोटिशीची मुदतही ३० दिवसांचीच आहे, म्हणून अर्ज उद्यावर टाकू नका. आणि मुदत संपायच्या आत संस्थेला रजिस्टर पोस्टाने उत्तर पाठवा: मागणी मान्य नाही, तपशील द्या, वाजवी रक्कम दाखवली तर भरायची तयारी आहे. हे शेवटचं वाक्य गाळू नका.

सासऱ्यांच्या घराची भीती बहुतेक निराधार आहे. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. यांच्यापैकी कुणाच्या नावे देशात कुठेही पक्कं घर नको. सासऱ्यांचं घर सासऱ्यांचं. मात्र ते हयात नसतील आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर (घरांच्या नोंदीच्या उताऱ्यावर) वारस म्हणून तुमच्या नवऱ्याचं नाव चढलं असेल, तर गोष्ट बदलते. तो उतारा काढून आधी वकिलाला दाखवा, संस्थेला नंतर.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे अर्ज द्या. दरम्यान कुणी 'भरलेले पैसे लगेच परत देतो, फक्त यावर सही करा' म्हणत कागद पुढे केला, तर करू नका. त्यात बहुधा तुम्ही स्वखुशीने घर सोडत असल्याचं लिहिलेलं असतं, आणि त्या एका सहीने वर सांगितलेली बहुतेक कलमं तुमच्या हातून जातील.